धोंड्याच्या महिन्यात जवाई उठवला

यंदा जेठ दोन आले. अधिक लागला आणि घरात भिजल्या तांदळाचा आंबूस वास सुटला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, हे श्रावणात ठीक असतं. जेठात पंख्याखाली माणूसच शिजत असतो, तिथे तांदूळ दुसऱ्या दिवशीच फेसाळतात. मी पाणी दिवसातून दोनदा बदलते. असं करत नाहीत, हे मला सांगून झालेलं आहे. सांगणाऱ्या बायांचे अनारसे तेलात विरघळतात, माझे विरघळत नाहीत.

या वासाने कोणाला देवधर्म आठवत असेल. मला मागचा अधिक आठवतो. तेव्हा श्रावण दोन आले होते, अंगणातली फरशी शेवाळली होती, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते, आणि मी माझ्या जवायाला खेळातून उठवलं होतं. धोंड्याच्या महिन्यात. ज्या महिन्यात जवाई म्हणजे साक्षात नारायण, त्याला ओवाळायचं, वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, त्या महिन्यात. आमच्या नात्यात ही गोष्ट अजून सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. कोणी म्हणतं ताटावरून उठवला. मेहकरकडे गेलं तर भर पावसात घराबाहेर काढला इथपर्यंत मजल गेली आहे. ताटावर तो पोटभर जेवला, दोनदा वाढून घेतलं. उठवला तो टेबलावरून. हे मी सफाई द्यायला लिहीत नाही. गोष्ट सांगायचीच आहे तर नीट सांगावी, एवढंच.

तो खेळ कुठला, हेच पुष्कळांना कळत नाही. पत्त्यांचा नाही आणि सोंगट्यांचाही नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण गोष्ट चालवतो. समोर नदी आली, पूल मोडका आहे, पलीकडे कोणी तरी कंदील हलवतंय, तुम्ही काय करता? मग ज्याने त्याने आपापलं सांगायचं. मी पूल ओलांडतो, मी हाक मारतो, मी पळून जातो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, बोराएवढा, वीस बाजूंचा. जिंकणं-हरणं त्यात नाही. गोष्ट पुढे सरकते आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुन्हा सुरू होते. सगळं जग घरात कोंडलं होतं त्या वर्षी माझी मुलगी रेणुका पुण्याहून हे फासे घेऊन आली. ती परत गेली, फासे खामगावात राहिले, आणि गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तक इंग्रजी होतं. त्यात बर्फ, बुरूज आणि आग ओकणारी जनावरं. मी ते मिटून कपाटात ठेवलं. बर्फात चालणाऱ्या माणसाला कुठे गारठतं, मला काय ठाऊक? मी गोष्ट आमच्या मुलखात आणली. घाट, कोरड्या नद्या, पळसाचं रान, बैलगाड्यांचा तांडा, वाटेत लुटारू, आणि एका विहिरीत राहणारं काही तरी, ज्याचं नाव मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती आमच्याकडे आणतो, आम्ही जुनी तार काढून नवी भरतो. पावसात विहिरीवरच्या मोटारी बंद, म्हणून दुकानाला उसंत. खेळाचं टेबल दुकानातलंच होतं, वार्निशचे डाग पडलेलं. कितीही पुसलं तरी दमट हवेत त्याला वास यायचा. प्यादी म्हणून आम्ही तांब्याच्या तारेचे वळसे वापरत होतो. एकाचा वळसा गोल, एकाचा लांबट, एकाला शेपूट.

शेपूटवालं प्यादं तायडेभाऊंचं. तायडेभाऊ आमचे शेजारी, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांचं पात्र पहिलवान आहे, पण कुठल्याही भुयारात शिरायच्या आधी ते माणसं मोजतात आणि शेवटचा माणूस आत आल्याशिवाय कोणाला पुढे सरकू देत नाहीत. मला ते कंट्रोलर म्हणतात, स्टँडवर गाड्या सोडणारा असतो तसा. सगळे बसले की म्हणायचे, कंट्रोलरबाई, सोडा गाडी. मग खेळ सुरू.

गोल वळसा सुनीताचा. सुनीता माझी धाकटी जाऊ. दीर शेतीसाठी उंद्रीला राहतो, ती पोरांच्या शाळेसाठी खामगावात आमच्याजवळ आली. पोरं शिकून बाहेर गेली, ती राहिली. इतक्या वर्षांत या घरात तिला विचारलेले प्रश्न मी आठवून पाहिले आहेत. चहा ठेवला का. नळ आले का. डबा भरला का. हो किंवा नाही यापलीकडे उत्तर लागेल असा एकही नाही. मी विचारलेलेही त्यातलेच.

पहिल्या रविवारी ती टेबलाशी लसूण सोलत बसली होती. आणखी एक गडी पाहिजे म्हणून मी तिला धरून बसवलं. गोष्टीत अंधार होता, पलीकडे लुटारू होते, तांड्याच्या हातात एकच कंदील. मी विचारलं, सुनीता, तू काय करते? ती म्हणाली, तुमी म्हनान थे. मी म्हटलं, मी काही म्हणणार नाही. मग आम्ही थांबलो. तायडेभाऊंनी खोकून घेतलं. लसणाची सालं पंख्याने टेबलभर झाली. आणि ती मान खाली ठेवूनच म्हणाली, "मी कंदील इझवतो. कंदिलानं त्याईले आपन दिसतो, आपल्याले थे दिसत नाई."

तायडेभाऊंनी टेबलावर थाप मारली. आम्ही बाकीचे त्या कंदिलाला कवटाळून बसलो होतो. त्या दिवसापासून सुनीता तांड्याची वाटाडी झाली. पात्राचं नाव तिने चंद्रा ठेवलं. का ते नाही सांगितलं.

मागच्या अधिकाच्या त्या पावसाळ्यातली गोष्ट अशी होती की घाटापलीकडच्या एका गावाचं सगळं बियाणं कुजून गेलं आहे आणि तांड्याकडे ज्वारीच्या बियाण्याचं एकच पोतं आहे. ते पोहोचलं तर गाव पेरणार. पोतं कोणी वाहायचं हे मी ठरवलंच नव्हतं. चंद्राने ते उचललं आणि खाली ठेवेना. तांड्याची उपासमार झाली तेव्हा पहिलवान म्हणाला, मूठभर भाजून खाऊ. चंद्राने पोत्याला हात लावू दिला नाही. तीन आठवडे तांडा पळसाच्या रानात उपाशी हिंडला आणि खरी सुनीता स्वयंपाकघरात भाजी निवडताना मला विचारायची, "ताई, त्या रानात मोहाचे झाडं असतीन ना?" मी म्हटलं, आहेत. म्हणाली, मंग निघते काम.

मला वाटतं या घरात तिने स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा ज्याच्यात कोणाची सोय नव्हती.

आणि मग अधिक लागला आणि रेणुकाला घेऊन अनिकेत आला.

माणूस वाईट नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. पुण्याचा, संगणकातल्या नोकरीचा, दिसायला नीटनेटका, रेणुकाला जपणारा. लग्नानंतरचा पहिला अधिक, म्हणून धोंड्याला बोलावलं. घरून काम करता येतं तर महिनाभर राहतो म्हणाला, मला आनंदच झाला. त्यात तो हा खेळ पुण्यात कित्येक वर्षं खेळलेला. मी मनात म्हटलं, चला, जाणकार गडी मिळाला. तो स्वतःचं पात्र लिहूनच घेऊन आला होता. इंग्रजीत, तीन पानं. अनाथ, काळा अंगरखा, कोणावर विश्वास नाही, चोरी हा धंदा. नाव काळभुजंग. तायडेभाऊंनी त्याचं भुजंगराव केलं, ते त्याला आवडलं नाही.

पहिल्याच बैठकीत सुनीता म्हणाली, मी दार उघडतो. आमच्या भागात बाया असंच बोलतात. मी जातो, मी करतो, मी झोपतो. अनिकेत हसून म्हणाला, काकू, तुमचं पात्र बाई आहे ना, मग उघडतो कसं? सगळे हसले, सुनीताही हसली. दुसऱ्या वेळी तिच्या 'चढतो'ला त्याने 'चढते' अशी दुरुस्ती केली तेव्हा कमी लोक हसले. दुसऱ्या रविवारपर्यंत सुनीता बोलेनाशी झाली होती. दार उघडायचं असलं की नकाशावरच्या दारावर नुसतं बोट ठेवायची.

बाकीचं तुम्ही ओळखलं असेल. ती बोट ठेवायची तेव्हा तिच्या वतीने तो बोलायचा, काकूंना म्हणायचंय की… तायडेभाऊ काही करायला निघाले की म्हणायचा, नियमात बसत नाही. ज्या म्हाताऱ्याला वाट विचारायला आम्ही दोन रविवार चाललो, त्याला काळभुजंगाने पोहोचताक्षणी भोसकलं. सोबत्यांच्या झोळ्या कापल्या. चंद्राचं पांघरूण विकलं. प्रत्येक वेळी हात वर करून एकच वाक्य: मी काय करू, माझं पात्रच तसं आहे.

हे वाक्य ऐकताना मला सारखं वाटायचं, हे आपण कुठे तरी ऐकलंय. मग लक्षात आलं की जन्मभर ऐकलंय. त्याचा स्वभावच तसा, मनावर नको घेऊ. मोठा दीर आहे, बोलणारच. सासू म्हटलं की टोचणारच. घरातलं प्रत्येक माणूस आपल्या पात्राच्या आड उभं राहून दगड मारतं आणि दगड पात्राने मारला म्हणतं. काळभुजंगाचं तर निदान सरळ होतं. ती तीन पानं ज्याने लिहिली तो समोरच बसला होता.

मी आधी गोष्टीतूनच त्याला वळण लावायला गेले. काळभुजंगाला शिपायांकडून पकडवलं आणि कोठडीत टाकलं. वाटलं, बसेल गप्प. तर तो खुलला. कोठडीतून सुटायच्या त्याने नाना युक्त्या केल्या, पहारेकऱ्यांशी वाद घातले, आणि अख्खी दुपार त्या एका माणसाची गोष्ट झाली. रेणुका मोबाईल बघत होती, तायडेभाऊंना डुलकी लागली. मला कळलं ते एवढंच की भांडण माणसाशी असताना मी पात्राला कोंडत बसले होते. मोटार जळण्याचं कारण वायरिंगमध्ये असेल तर मोटार चारदा बांधून उपयोग नसतो.

त्याच दुपारी सुनीता उठली आणि म्हणाली, "मी भजे तळतो, तुमी खेळा." पुढच्या रविवारी ती बसलीच नाही. आतून कढईचा आवाज येत होता, पावसासारखाच. टेबलावर तिचा गोल वळसा पोत्याच्या चित्राशेजारी तसाच पडून होता. अनिकेत म्हणाला, काकूंचं पात्र मी चालवू का?

दुकानात गिऱ्हाईक भांडायला आलं की मी आधी स्टूल सरकवते. बसलेला माणूस कमी ओरडतो. अनिकेत ओरडत नव्हता, तरी मी त्याला दुकानात नेलं, स्टूल दिलं, चहा दिला आणि सांगितलं. सोबत्यांकडून चोरायचं नाही. दुसऱ्याच्या पाळीत बोलायचं नाही. आणि कोणी कसं बोलतं ते सुधारायचं नाही, आम्ही इथे व्याकरण शिकायला बसत नाही. तो म्हणाला, आई, गेम आहे हो, तुम्ही फार मनावर घेता. तुम्हाला जरा मजा यावी म्हणून मी करतो. मी म्हटलं, मजा आम्हाला तुमच्या आधीही येत होती. त्याने बरं म्हटलं, खाली वाकून नमस्कारही केला. पुढच्या रविवारी सुरुवातीलाच हसत म्हणाला, सांभाळून खेळायचंय बरं का, सासूबाईंनी दम दिलाय. आणि तासाभरात तायडेभाऊंच्या पहिलवानाचा कमरपट्टा गेला.

माझा नवरा शांत माणूस. तो म्हणाला, "जवाई मानूस हाय. महिन्याभराचा पाहुना. एवढं धकवता येत नाई का तुले?"

मी म्हटलं, "थो महिन्याभराचा, मंग सुनीता किती दिसाची? थे त इथंच राहनार हाय. तिनं कुठी जाव?"

त्याने पेपर उघडला. पेपर उघडणं हे त्याचं पात्र.

धोंड्याचा दिवस आला. मी सगळं केलं, हे ठासून सांगते, कारण कंजुषी केली असंही ऐकलंय. पुरणाचे धोंडे केले. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर पेटतं निरांजन असं वाण दिलं. पाटाभोवती रांगोळी काढली, ती दमट हवेने पसरली तर पुन्हा काढली. अनिकेतला आणि रेणुकाला जोडीने बसवून ओवाळलं. त्याला नवा पोशाख आणि रेणुकाला साडी. मेहकरची माझी नणंद आशाबाई मुद्दाम आली होती. मी मनापासून ओवाळलं. जवायाचा मान ही घरच्यांनी हौसेने करायची गोष्ट आहे आणि मला ती हौस आहे.

जेवणं झाली. अनिकेत सुपारी कातरत म्हणाला, आज खेळ पाहिजेच. आज मला कोणी नाही म्हणू शकत नाही ना, आई? सगळे हसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि सुनीताला हात धरून बाहेर आणलं. तिच्या हाताला अजून गुळाचा चिकटा होता. त्या दिवशी तांडा गावाच्या नदीवर पोहोचणार होता, पोतं तिचं होतं. ती म्हणाली, राहू द्या न ताई. मी म्हटलं, बस.

तायडेभाऊंनी गाडी सोडायला सांगितलं. मी नदी सांगितली. पाणी गढूळ, उतार दिसत नाही, पलीकडे काठावर गाव उभं आहे, बाया कडेवर पोरं घेऊन बघताहेत. चंद्रा, काय करते? सुनीताने बोट ठेवलं नाही. हळूच, पण बोलली. मी पुढं होतो, म्हणाली. पोतं डोक्यावर घेतो. तिने फासा टाकला, चांगला पडला. पाणी कमरेला लागलं, पाय टिकले. अर्धी नदी झाली. तायडेभाऊ पुढे वाकून बघत होते, जणू पाणी खरंच टेबलावर होतं.

"मी सुरी काढतो आणि मागून पोतं फाडतो," अनिकेत म्हणाला. "बी सगळं नदीत."

सुनीताने त्याच्याकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं असेल.

"असं काऊन, जवाईबापू?"

"काकू, मी नाही हो. माझं पात्रच तसं आहे." आणि तो फासा तळहातात खुळखुळवायला लागला.

"हे घडलं नाही," मी म्हटलं.

या खेळात टेबलावर काय घडलं ते गोष्ट चालवणारा सांगतो, आणि तो सांगतो तेच घडलेलं असतं. घरात ही सोय नाही. घरात जे बोललं गेलं ते गेलं, आपण फक्त वरून पाणी ओततो. खेळात मला हा अधिकार होता आणि तीन वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता.

अनिकेत म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे तुम्ही सुरी काढली नाही. पोतं फाटलं नाही. चंद्रा नदीत आहे आणि पोतं तिच्या डोक्यावर आहे. तो म्हणाला, आई, असं करता येत नाही, नियमात आहे की खेळाडू…

"जवाईबापू, फासा खाली ठेवा," मी म्हटलं. "तुमचा खेळ संपला."

त्याला आधी गंमत वाटली. मग त्याने रेणुकाकडे पाहिलं. रेणुका टेबलावरचा वार्निशचा एक डाग नखाने खरवडत होती. माझा नवरा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. मागून आशाबाई म्हणाल्या, "वयनी, आज? अवो, त्याच्या कपायावरचं कुंकू वायलं नाई अजून."

मी म्हटलं, "कुंकू जवायाले लावलं, आशाबाई. थे राहू द्या तसंच. इथं खेळनारा बसला होता, त्याले उठवलं."

अनिकेतने फासा ठेवला. नीटच ठेवला, आपटला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे. तो वरच्या खोलीत गेला. मी सुनीताकडे वळले, म्हटलं, बोल, पुढे? ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चंद्रा नदीच्या मधोमध राहिली.

ते दोघं दोन दिवसांनी पुण्याला गेले. रेणुका निघताना म्हणाली, आई, तुझं बरोबर होतं पण वेळ चुकली. मी म्हटलं, पंचांग आण, जवायाला सांगायची चांगली वेळ कुठली ते मला काढून दे. दिवाळसणाला जमलं असतं? संक्रांतीला, तिळगूळ देताना? ती हसली नाही. बरेच दिवस तिचा फोन आला की आधी बापाची चौकशी व्हायची.

हे सगळं मी धरूनच चालले होते. जे धरलं नव्हतं ते सुनीताकडून आलं. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती म्हणाली, "तुमी माह्यासाठी काऊन केलं ताई? आता सारे म्हनतीन, सुनीतीच्या पायी जवाई गेला. तुमी मोठ्या हा, तुमाले कोन बोलते. बोलनं मले बसन."

खरंच होतं ते. ठणकावून बोलायला मी मोकळी होते, कारण दुकान माझ्या जिवावर चालतं आणि नात्यातली अर्धी माणसं मोटारी माझ्याकडेच आणतात. तिच्या पाठीशी असलं काही नव्हतं. आशाबाईंच्या तोंडून ती गोष्ट तोवर मेहकरला पोहोचलीही होती, आणि तिच्यात सुनीताचं नाव होतं, माझं नव्हतं. धाकटीने कान भरले, थोरली भोळी. मी आणि भोळी.

मग मी फोन घेऊन बसले आणि नात्यात एकेकीला लावला. अधिकाच्या शुभेच्छा दिल्या आणि सांगितलं की जवायाला उठवलं ते मी, माझ्या मनाने, सुनीता तेव्हा राहू द्या म्हणत होती. बोलायचं असेल तर मला बोला, मी ऐकायला मोकळी आहे, पावसामुळे दुकानाला उसंत आहे. बोलल्या. काहीजणी चांगल्या तासभर बोलल्या. एकीने विचारलं, तुले लेकीच्या संसाराची भीती नाई वाटत काय? मी म्हटलं, एका फाशाने मोडणारा संसार असेल तर तो मला आजच कळलेला बरा. मोडला नाही. मोडणार नव्हताच. पण जवाई रुसेल या भीतीवर आपल्याकडे किती बाया किती वर्षं गप्प बसवल्या गेल्या असतील, याचा विचार मी त्या फोनांच्या मधल्या वेळात केला आणि दर फोनला माझा आवाज थोडा चढत गेला.

निज श्रावण लागल्यावरचा रविवार. मी टेबल मांडलं, नकाशा पसरला. तायडेभाऊ आले. आम्ही दोघंच बसलो. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ भरून होतं, आणि बंद हवेत वार्निश डोक्यात जात होतं. बऱ्याच वेळाने सुनीता पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. तायडेभाऊंनी माणसं मोजली. म्हणाले, गर्दी नाई, पन सारे आत हायत, सोडा गाडी.

मी म्हटलं, चंद्रा नदीत उभी आहे. पाणी कमरेला.

"मी चालतो," सुनीता म्हणाली. मोठ्याने. आत माझा नवरा पेपर वाचत होता त्याला ऐकू गेलं.

पोतं पोहोचलं. गावचा पाटील, म्हणजे मीच, हात जोडून म्हणाला, बाई, काय देऊ तुला? चंद्रा म्हणाली, आधी पेरा, मंग पाहू. आणि तिने तिथेच पाटलाकडून नांगर किती, बैल किती, पहिली विहीर कुठे, सगळं विचारून घेतलं. त्या गावाची शेतं कोणाची किती हे मला जागच्या जागी रचावं लागलं. पुढचे दोन महिने तांडा त्या गावातून हललाच नाही.

त्यानंतर अनिकेत दिवाळीला येतो, जातो. मी वाढते, तो जेवतो, स्वयंपाकाचं कौतुक करतो. मला आई म्हणतो. त्या दुपारबद्दल आम्ही बोललेलो नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. त्याच्यावर माझा राग नव्हता. राग असता तर कधीच उतरला असता. मी घातलेली अट होती, आणि अटी उतरत नाहीत. मला अजूनही विचारतात, पुन्हा वेळ आली तर तेच करशील? तेच करीन. फक्त फोन आधी करीन.

यंदाच्या जेठात दुकानात पाय ठेवायला जागा नाही. व्होल्टेज धड नाही, पेरणी तोंडावर, रोज मोटारी जळून येतात, आणि माझ्या नखात वार्निश आहे ते अनारसे थापायच्या दिवशीही निघणार नाही. गोष्ट चालवायला मला फुरसत नाही. गेल्या वर्षापासून ती सुनीता चालवते. ती माझ्यापेक्षा कडक आहे. तिच्या गोष्टीत उपासमार झाली की खरोखर कोणी तरी मरतं. तायडेभाऊंचा पहिलवान एकदा मेला, ते दोन रविवार तिच्याशी बोलले नाहीत, मग नवं पात्र घेऊन मुकाट्याने आले.

परवा रेणुकाचा फोन आला. धोंड्याला येतोय म्हणाली, दोघेही, सुट्टी मिळाली. मग म्हणाली, आई, अनिकेत विचारतोय, त्याला टेबलाशी बसता येईल का? त्याचा पुण्यातला गट मोडला. तो काही बोलत नाही, पण मला वाटतं त्याला खरंच बसायचंय.

मी म्हटलं, मला नको विचारू, काकूला विचार. खेळ तिचा आहे.

रेणुका म्हणाली, अगं, काकूला काय विचारायचं? ती हो म्हणेल.

मी फोन कानापासून काढला आणि सुनीताला हाक मारली. ती जिन्याच्या सावलीत कागदावर नवीन घाटाचा नकाशा काढत बसली होती. मी काय ते सांगितलं. तिने पेन्सिल कानावर अडकवली.

"जवाईबापूले म्हना, विचार करून सांगतो."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. रेणुका म्हणाली, विचार? आई, धोंड्याला येतोय तो. मी म्हटलं, धोंड्याला या, दोघंही या, ताट मांडलेलं असेल. बाकीचं काकू कळवेल. मी फोन ठेवला तोवर सुनीताने पेन्सिल पुन्हा हातात घेतली होती. कधी सांगणार, ते ती बोलली नाही. मी गिऱ्हाइकाकडे गेले.